थूल मॅडम आणि दहा तोंडांचा राजा

थूल मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या फाटकात, एका भांडेवालीशी हुज्जत घालताना. मला वाटलं, पातेल्याच्या भावावरून चाललं असेल. जवळ गेलो तर वाद बकासुराच्या बायकोवरून होता.

"होती म्हंजे होती!" भांडेवाली टोपलं खाली ठेवून सांगत होती. "गाडाभर भात येकटा कसा खाईन थो? अर्धा तिच्यासाठी ठेवे."

"बरं, मंग नाव काय होतं तिचं?"

"राक्षसाच्या बायकोले नाव कोन ठेवते, बाई?"

मॅडमनी पर्समधून गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या बिस्किटांचा पुडा काढून तिच्यापुढे धरला. "हे तू लाखाचं बोलली, माय. बस. पुढचं सांग."

ती बाई केळझरकडची होती. तिकडे बकासुर आपल्याच गावचा असं लोक सांगतात, आणि गावच्या माणसाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतात. शाळेची घंटा झाली तरी मॅडम उठल्या नाहीत. मी नगर जिल्ह्यातून गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. 'मराठीच्या सुनंदा थूल मॅडमना भेटा, त्या शाळा दाखवतील,' असं ऑफिसात सांगितलं होतं. त्या दिवशी मला शाळा दिसली नाही. बकासुराचा संसार मात्र पुरता कळला.

आमची पिंपळझरी आर्वीपासून फार लांब नाही. कापूस, सोयाबीन, थोडी संत्री, आणि गावामागे एक टेकडी. टेकडीखाली गोंडांची वस्ती. तिथली मुलं चालत शाळेत येत. मॅडम वर्ध्याहून बदलून आल्या आणि इथल्याच झाल्या. उंच, सावळ्या, कडक खळ केलेली सुती साडी, आवाज थोडा घोगरा. कुणी गोष्ट सांगू लागलं की मान उजवीकडे कलायची आणि डोळे बारीक व्हायचे. मग शाळा तपासायला साहेब आले तरी मॅडमची मान सरळ होत नसे.

"मी सांगतो", "मी जातो" असं त्या म्हणत. मराठीच्या बाईंचं व्याकरण असं कसं, हा मला सुरुवातीला प्रश्नच पडला. पुढे कळलं, वऱ्हाडात बायका असंच बोलतात. वर्गात त्या प्रमाण मराठी अगदी काटेकोर शिकवत. मुलांना सांगत, "पेपरात पुस्तकासारखं लिवा, मार्क भेटते. घरी आपलं बोला, माय भेटते."

पुराणातला धडा आला की त्या आधी पुस्तक मिटायला लावायच्या. मग विचारायच्या, "तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात?" मुलांनी रात्री आजीला, काकूला, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून यायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. एकाच गोष्टीची निरनिराळी रूपं वर्गात जमा होत. एकीच्या घरची सीता स्वयंपाकात पटाईत, तर दुसरीच्या घरची सीता नांगर धरणारी. शेखांचा अल्ताफ गिरडच्या टेकडीवरची गोष्ट घेऊन आला. एक व्यापारी फकिराशी खोटं बोलला आणि त्याच्या पोत्यांतल्या मालाचे दगड झाले. लगेच कुंभारांच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, आमच्या मामाच्या गावी हेच देवीनं केलं!" मॅडम इतक्या खूश झाल्या की दोघांनाही टेबलाजवळ बोलावून पाठ थोपटली.

एकदा एका हुशार मुलानं उभं राहून विचारलं, "पन मॅडम, हे खरं झालतं का?"

मी शेजारच्या वर्गात होतो. मधली भिंत अर्ध्या उंचीचीच, त्यामुळे तिकडचं सारं ऐकू येई. माझा वर्गही फळ्याकडे पाठ करून तिकडेच कान लावून बसला.

"तुही माय तुले लहानपनी म्हने ना, चांदोमामा येईन, एक घास खा?"

"हो."

"आला का चांदोमामा जेवाले?"

"नाई."

"मंग माय खोटी का?"

मुलगा घुटमळला. "खोटी नाई... पन चांद तं नाई आला."

"अन् पोट?"

"पोट भरलं."

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "पोट कायनं भरलं याच्यावर विचार कर. मलेबी पुरतं समजलं नाई अजून."

या शेवटच्या वाक्यासाठी मला त्या फार आवडत. त्यांना खरंच पुरतं कळलेलं नसे, आणि ते कळावं म्हणून त्या रोज धडपडत.

बकासुराचा धडा त्यांनी घेतला तेव्हाचा प्रसंग गावभर झाला. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की गाडाभर भात आणि वर एक माणूस, असं दर वेळी देऊनही त्या गावचे लोक गप्प का बसले? मुलं सांगू लागली. भीती वाटत असन. आपली पाळी उशिरा येईन असं वाटत असन. एक म्हणाला, "त्याच्या भेवानं दुसरा राक्षस येत नसन." आणि मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "नदीतली रेती नेतात तेबी तसंच हाये ना, मॅडम? सारे पाह्यतात, कोनी बोलत नाई." रेतीच्या ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा दुसऱ्याच रांगेत बसला होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी मागच्या बाकावरच्याला विचारलं, "मंग भीम कोन?" पोरगं म्हणालं, "थो अजून आला नाई."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला शाळेत आला. आम्ही सारे घाबरलो. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "दादा, तुमच्या घरी बकासुराची गोष्ट कशी सांगतात?" तो माणूस आला होता भांडायला. तासभर बसून आजोबांकडून ऐकलेली गोष्ट सांगून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "पोराले सांगतलं म्या, मॅडमसंगं वाद घालू नोको म्हनून."

मॅडमच्या स्वतःच्या घरी पुराणातली एकही गोष्ट सांगितली जात नसे. आजी-आजोबांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर घरातले देव धाम नदीत सोडले. वडील त्या वेळी लहान होते. पुढे ते शिक्षक झाले, कडक झाले. घरात राम-कृष्णाचं नाव निघालं तरी त्यांना खपत नसे, आणि त्याची कारणं त्यांच्यापाशी होती. मॅडमनी या गोष्टी ऐकल्या त्या मैत्रिणींच्या ओसरीवर, चोरून. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "आमच्या घरातून देव गेले, तवा त्याइच्या मांगंमांगं गोष्टीबी गेल्या. मी गोष्टी वापस आनल्या. देव तिकडंच राहू देल्ले."

हे सगळ्यांना पटण्यासारखं नव्हतं. शरदात मुली भुलाबाई मांडत. पार्वती भिल्लीण होऊन रुसलेल्या शंकराला परत आणते, त्याची गाणी म्हणत. मॅडमनी शाळेत भुलाबाई सुरू केली, आणि सगळ्या घरच्या मुली त्यात आल्या. तेव्हा बौद्ध वस्तीतले वासनिककाका त्यांच्याकडे आले. हा साधा, तळमळीचा माणूस, उभं आयुष्य समाजासाठी झिजलेला.

"बेटा, आपन मोठ्या मुश्किलीनं बाहेर आलो यातून," ते म्हणाले. "तू पोरींले पुन्हा तिथंच नेऊन राह्यली का?"

"नाई काका. मी हात जोडत नाई अन् पोरींले जोडाले लावत नाई. मूर्ती नाई मांडली, नुसती गानी म्हनतो. पन आपल्याबद्दल काय काय सांगून ठेवलं हाये तेच ज्याले मालूम नाई, थो जवाब काय देईन?"

काकांचं समाधान झालं नाही. पण ते जाताना म्हणाले, "ध्यान ठेवजो." आणि मॅडम म्हणाल्या, "तुमीच ठेवा माह्यावर, काका." दोघंही मनापासून बोलले होते.

आणि मग रावणाचं प्रकरण झालं.

आमच्या शाळेच्या मैदानावर दर दसऱ्याला रावण जळे. बांबू आणि कागदाचा भलामोठा पुतळा, पोटात फटाके. चित्रकलेचे सर आणि मुलं तो महिनाभर खपून तयार करत. त्या वर्षी नववीच्या वर्गात मॅडमनी मुलांना आपापल्या घरचा दसरा सांगायला लावला होता. टेकडीखालच्या वस्तीतली रोशनी उईके उभी राहिली. अबोल मुलगी. म्हणाली, "आमच्या घरी दसऱ्याले चूल पेटवत नाई."

"काऊन?"

"त्या दिवशी आमच्या राजाले जाळतात. रावन आमचा राजा होय."

वर्ग खो-खो हसला. कुणी तरी म्हणालं, "राक्षसाची नात!" रोशनी खाली बसली आणि तिनं बाकावर डोकं टेकलं.

मॅडमनी वर्गाला रागावलं नाही. त्यांनी खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. तिथं नुकत्याच बांधायला घेतलेल्या रावणाचा सांगाडा आडवा पडला होता. स्टाफरूममध्ये आल्यावर मला म्हणाल्या, "सर, आज मले पयल्यांदा गोष्टीची लाज वाटली. इतके वर्सं विचारून राह्यली, तुमच्या घरी कशी सांगतात, तुमच्या घरी कशी सांगतात. अन् टेकडीखाली जाऊन कधी विचारलंच नाई."

रविवारी त्या वस्तीवर गेल्या. मीही सोबत गेलो. रोशनीचे आजोबा चैतूबुवा वस्तीचे भूमक, म्हणजे देवाधर्माचं सगळं बघणारे. वाळलेल्या अंगाचे, पांढऱ्या मिश्यांचे. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि गोष्टीचं नाव काढताच तोंड मिटलं. "सांगून काय होते, बाई? हसता तुमी लोकं."

मॅडमनी आग्रह केला नाही. अंगणात बायका मुगाच्या शेंगा फोडत होत्या, त्यांच्यात जाऊन बसल्या आणि फोडू लागल्या. पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. आग्रह नाही, प्रश्न नाही, नुसता गोरसपाक आणि शेंगा. शेवटी एके दिवशी चैतूबुवांनीच विचारलं, "बाई, तुमचा देव कोनता?"

"आमचे देव आमी नदीत सोडले, बुवा."

"अन् गोष्टी?"

"त्याबी गेल्या त्याइच्यासंगं."

म्हातारा हबकला. देव नाहीत याचं त्याला काही वाटलं नाही, पण हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. "गोष्टीबी? मंग तुमच्या घरची लेकरं झोपत कशी?"

आणि तो सांगायला बसला. मॅडमची मान उजवीकडे कलली. मी शेंगा फोडायच्या विसरलो. गोष्ट संपली तेव्हा मॅडमनी डोळे पुसले, आणि परत येताना वाटेत स्कूटी थांबवून म्हणाल्या, "हे साऱ्या गावानं ऐकलं पायजे. दसऱ्यालेच. त्याच ग्राउंडावर."

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. त्यांनी बैठक बोलावली. मुख्याध्यापकांची जागा रिकामी व्हायची होती, आणि ज्येष्ठतेनं ती मॅडमकडे यायची होती. भाऊसाहेबांनी सुरुवात तिथूनच केली.

"मॅडम, तुमाले मुख्याध्यापक व्हायचं हाये का नाई?"

"व्हायचं हाये ना. काऊन नाई?"

"मंग हे काय काढलं? माह्या लहानपनापासून रावन जळते इथं."

"जाळा. मी कुठं थांबवतो? जाळाच्या आधी त्याच्या घरच्याइचं ऐकून घ्या, येवढंच म्हनतो."

एक सदस्य उसळले, "पन पुरानात असं कुठं लिवलं हाये का? हे लोकं काईबी सांगतात!"

"नाई लिवलं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आजीनं चुलीपाशी सांगतलं ते तरी कोन्या पोथीत होतं, भाऊ? तरी तुमी ते धरून बसले ना?" मग त्या थांबल्या. आवाज खाली आला. "मी माह्या घरची एक सांगतो. माही आजी दीक्षेले नागपूरले पायी गेलती. दसऱ्याचाच दिवस. माहा बाप दहा-बारा वर्साचा, आजाचं बोट धरून. आजी सांगे, साऱ्या वाटेनं एक ढग डोक्यावर होता. आमी चाललो का ढग चाले, भाकर खाले बसलो का ढग थांबे. नागपूर येईपर्यंत ऊन म्हनून लागलं नाई. माहा बाप चिडे. म्हने, माय, खोटं काऊन सांगतं? असं ऊन होतं का तुह्या पायाले फोड आलते. आजी म्हने, फोड आलते, अन् ढगबी होता."

मॅडम घोटभर पाणी प्यायल्या.

"बापाचं खरं हाये. ढग नसन. पन आजीचं ऐकल्यावरच मले समजलं का ते लोकं कोन्या तोऱ्यात चालत गेले. त्याइले वाटे, आज आभाळ आपल्याकडून हाये. आता मले सांगा, भाऊसाहेब, दर दसऱ्याले माह्या दारासमोर कोनी थो ढग कागदाचा बनवला, अन् टाळ्या वाजवून जाळला, तं मी काय करू?"

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीत त्यांचे वडील आबाजी बसले होते. संस्था त्यांनीच काढलेली, रावणाला अग्नी द्यायचा मानही त्यांचाच. ते काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "गोष्ट ऐकल्यानं काय होते रे? रावन काई पळून नाई जात."

दसऱ्याच्या संध्याकाळी मैदान भरलं. ऊन उतरलं होतं आणि मधोमध दहा तोंडांचा रावण उभा होता. गावाला फटाक्यांची घाई होती. म्हातारा काय सांगतो याची थोडी उत्सुकता, थोडी टवाळी. मॅडम दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात, त्या वर्षी गेल्या नाहीत. वासनिककाका पांढरे कपडे घालून एका कडेला उभे होते. नागपूरहून त्याच दुपारी परतले होते.

मग टेकडीकडून वस्ती आली. सगळी वस्ती. बायका, लेकरं, म्हातारे. दसऱ्याच्या दिवशी ही माणसं या मैदानात कधी आलेली गावानं पाहिली नव्हती. पुढे चैतूबुवा, पांढरं धोतर, डोक्याला पिवळा फेटा. मैदानाच्या तोंडाशी ते पुतळा पाहून थबकले. मॅडम चालत गेल्या आणि त्यांच्या बाजूनं चालू लागल्या. गर्दीनं वाट दिली.

माईक किंचाळला. चैतूबुवांनी तो बाजूला सारला आणि आपल्या आवाजात सुरुवात केली.

"लय जुन्या काळची गोष्ट. तवा पानी पडलं नाई. कोदो नाई, जवारी नाई. लोकं रानात गेले. रानात फळं होते, पन कोनतं खाव, कोनतं खाऊ नाई, कोनाले मालूम? एका लेकरानं एक फळ खाल्लं अन् थे मेलं. मंग राजा म्हने, थांबा. आधी मी खातो. राजाले तोंड एकच होतं. त्यानं एक फळ खाल्लं, तं दुसरं तोंड आलं. दुसरं खाल्लं, तं तिसरं आलं..."

ते वळले आणि पुतळ्याचं मधलं मूळ तोंड सोडून शेजारच्या पहिल्या तोंडाकडे काठी रोखली. "हे तोंड मोहाचं."

दुसरं. "हे चारोळीचं."

तिसऱ्यापाशी ते क्षणभर थांबले. तेवढ्यात गर्दीतून एका म्हातारीनं आवाज दिला, "टेंभराचं असन!" चैतूबुवा हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. "हो माय. टेंभराचं."

मग मैदानच बोलू लागलं. "बोराचं!" "आवळ्याचं!" "बेलाचं!" "कवठाचं!" ही फळं सगळ्यांनीच खाल्लेली होती. प्रत्येक जण आपलं आवडतं फळ ओरडत होता, आणि म्हातारा एकेक तोंड त्याच्या नावे करून देत होता. मुलं बाकड्यांवर चढली. ट्रॅक्टरवाला "सीताफळ" म्हणून ओरडला. रावणाचं तोंड कुणालाच अनोळखी राहिलं नाही.

शेवटच्या तोंडापाशी चैतूबुवांनी हात वर केला. मैदान शांत झालं.

"हे कुचल्याचं. जहर. हे त्यानं खाल्लं तवा तोंड काळं पडलं. राजा खाली पडला. पडता पडता म्हने, हे खाऊ नोका रे लेकराइनो. म्हनून आमी जगलो. तुमीबी जगले. मंग कोनी म्हने थो वाईट होता, कोनी म्हने त्यानं कोनाची बायको नेली. मोठ्या लोकाइची भांडनं असतीन. आमाले येवढंच मालूम. त्यानं आधी खाल्लं, मंग आमाले देल्लं. म्हनून आजच्या दिवशी आमी चूल पेटवत नाई."

ते खाली बसले. टाळी वाजली नाही. रोशनी आजोबांशेजारी उभी होती, मान ताठ.

रिवाजाप्रमाणे कुणी तरी मशाल पेटवून आबाजींच्या हाती दिली. आबाजी उठले. काठी टेकत पुतळ्यापर्यंत गेले. जाळायला आडवं येणार नाही असं मॅडमनी बैठकीत म्हटलं होतं, ते पाळलं. पण मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं होतं.

आबाजी पुतळ्याकडे पाहत राहिले. मग मागे वळून चैतूबुवांकडे पाहिलं. दोघं साधारण एकाच वयाचे. उभ्या आयुष्यात एकमेकांशी बोलले असतील ते फक्त मजुरीपुरतं.

"चैतू," आबाजी म्हणाले, "तुले आमी बलावलं. तू पाहुना म्हनून आला. आपल्या राजाची गोष्ट सांगतली. आता तुह्या डोळ्यादेखत मी त्याले काडी लावू?" त्यांनी मशाल खाली केली. "माह्याच्यानं नाई होत बाप्पा."

आणि त्यांनी मशाल शेजारच्या रेतीच्या बादलीत खुपसली.

मग वासनिककाकांनी टाळी वाजवली. एकट्यानं. त्यांच्यामागे रोशनीच्या वर्गातली मुलं, आणि मग सगळं मैदान. चैतूबुवा उठून आबाजींकडे गेले. दोघांना एकमेकांशी काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी आपट्याची पानं दिली आणि गळाभेट घेतली. वस्तीतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. मॅडम मात्र हसत होत्या. इतक्या मोठ्यानं, की घोगरा आवाज फुटून निघाला.

पोरांचा फटाक्यांसाठी गलका सुरू झाला. भाऊसाहेबांचा चेहरा पडलेलाच होता. मॅडम म्हणाल्या, "फटाके कोनाच्या बापाचे नाई. काढा पोटातून अन् फोडा तिकडं!" चित्रकलेचे सर शिडीवर चढले. रावणाच्या पोटातले फटाके मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फुटले आणि रावण ते उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी वस्तीत चुली पेटल्या आणि रोशनीच्या आईनं सगळ्या स्टाफला जेवायला बोलावलं. पुतळा दिवाळीपर्यंत मैदानात राहिला. चित्रकलेच्या सरांनी प्रत्येक तोंडावर त्याचं त्याचं फळ रंगवलं. पुढे त्याचे बांबू गावानं वालाच्या वेलांना मांडव घालायला नेले. काहींनी नावं ठेवली, फोनवरून शिव्याही आल्या. मॅडमना मुख्याध्यापकाची खुर्ची मिळू नये म्हणून खटपट झाली. आबाजींनी ती एका वाक्यात मोडून काढली. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम त्या खुर्चीत बसल्या.

तेव्हापासून आमच्या मैदानावर दसऱ्याला पुतळा उभा राहत नाही. गोष्टी सांगतात. गावच्या देवळातले पुजारी रामाची सांगतात, आणि तीही गाव तल्लीन होऊन ऐकतं. चैतूबुवांनी आपल्या राजाची सांगितली ती पुढे रोशनीनं घेतली. वासनिककाका, जे मुलींना भुलाबाईपासून वाचवायला आले होते, ते नागपूरच्या वाटेची सांगतात. आर्वी, आष्टीकडून लोक येतात. मॅडम स्वतः कधी मंचावर जात नसत. त्या मुलांमध्ये सतरंजीवर बसत, मान उजवीकडे करून.

गेल्या हिवाळ्यात त्या मला भेटल्या, आर्वीच्या बसस्टँडवर. निवृत्त होऊन वर्ध्याला राहायला गेल्या होत्या. एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नाला आल्या होत्या आणि वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, साडी तशीच कडक. मी नमस्कार केला तर त्यांनी हातानंच 'बसा' म्हटलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शेजारी आष्टीकडची एक म्हातारी सांगत होती. तिच्या गावची विहीर कधी आटत नाही, कारण एका दुष्काळात एक नवी नवरी पाणी आणायला पायऱ्या उतरून खाली गेली होती.

"मंग?" मॅडम म्हणाल्या.

"मंग पानी वर येऊ लागलं. पायरी पायरीनं. अन् नवरी खालीच."

"अन् सासू?"

"सासूचंच तं सांगून राह्यली. सासू वरून आवाज देते..."

तेवढ्यात आष्टीची गाडी लागली. म्हातारी पिशव्या उचलून धावली. "राह्यलं बाई! पुन्हा भेटलो तं सांगीन!"

मॅडम तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. पलीकडच्या फलाटावर वर्ध्याची गाडीही उभी होती. मी त्यांची पिशवी उचलली आणि म्हणालो, "मॅडम, तुमची गाडी."

त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, पदर खोचला, आणि भराभर चालत आष्टीच्या गाडीत चढल्या. गर्दीतून वाट काढत म्हातारीशेजारी जागा केली. गाडी हलली तशी खिडकीतून त्यांचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"सर, माह्या घरी फोन लावून सांगजा, उशीर होईन म्हनून!" त्या ओरडल्या. आणि गाडी फाटकातून वळायच्या आत त्या आत वळल्याही होत्या. काचेतून त्यांची कललेली मान तेवढी दिसली.